डेड स्टॉकमध्ये नोंदवलेला आवाज

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं टॅबवर बोललेला पहिला शब्द होता ‘नको’.

धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर ताबा नसणं. हातपाय ताठरलेले, मान डुगडुगती, तोंडातून सतत लाळ, आणि डोळे मात्र सगळ्या वर्गावर फिरणारे. तिला बोलता येत नाही, पण आपण बोललेलं सगळं कळतं. दुपारच्या सुट्टीत तिची आजी किंवा मी तिला भरवायचो. मटकीच्या उसळीचा दिवस असला की ती मान फिरवायची, अंग ताठ करायची, कधी कधी जोराचा ठसका लागायचा. हे तिच्या आजारातलंच काहीतरी, असं आम्ही धरून चाललो होतो. ‘खा गं माय, दोनच घास’ म्हणत, मान धरून भरवत होतो. मग फिरत्या विशेष शिक्षकांनी शाळेच्या टॅबमध्ये एक मोफत ॲप टाकून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलायचं. तिसऱ्या आठवड्यात मटकीची वाटी समोर आली, आणि तिनं मूठ आपटत, दोनदा चुकत, तिसऱ्यांदा लाल चौकोन बरोबर दाबला. ‘नको.’ आजीच्या हातातला घास हातातच राहिला. ती म्हणाली, ‘मॅडम, हिला आवडतच न्हवती व्हय मटकी? आन आपण दोन वर्षं कोंबायलो!’

यात चमत्कार काही नव्हता. त्या दिवशी ती बरी झाली नाही, चालायला लागली नाही. मटकी तिला पहिल्यापासूनच आवडत नव्हती. ते सांगायला वाट तेवढी त्या दिवशी मिळाली. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या मुलाला तोंडानं बोलता येत नाही, त्याच्या हातातला बोलणारा टॅब शैक्षणिक साहित्यात मोडत नाही. ते त्याचं तोंड आहे. एकदा हे मान्य केलं की टॅब कुणाच्या नावावर असावा, रात्री कुठे असावा, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जावा, या प्रश्नांची उत्तरं बदलतात. आज आपण ही सगळी उत्तरं चुकीची देतो आहोत.

आमच्या पट्ट्यातलं अर्धं गाव दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. त्या मुलीचे आईबाप म्हणजे एक कोयता; तोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला असंच म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, टोळी ठरलेली. एरवी ती आजीजवळ गावातच राहायची. त्या वर्षी आजीचं दुखणं निघालं, म्हणून तिलाही ट्रॅक्टरमध्ये बसवून सांगलीकडे नेलं. टॅब सोबत द्यावा म्हणून मी विचारलं. टॅब शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतो त्यात चढलेला. लेखापरीक्षणाच्या दिवशी वस्तू जागेवर दिसली नाही तर वसुली पगारातून होते, ही भीती प्रत्येक मुख्याध्यापकाला असते, आणि ती खोटी नाही. टॅब कपाटात राहिला. ती पाच महिने फडावर राहिली. तिच्याकडे तीसेक चित्रांचे शब्द जमले होते, आणि त्यांतला एकही तिच्या सोबत नव्हता. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा टॅबची बॅटरी फुगलेली होती आणि तिचं बोट पुन्हा लाल चौकोन शोधत होतं.

चष्मा लागलेल्या मुलाचा चष्मा आपण संध्याकाळी काढून घेऊन कपाटात ठेवत नाही. पायाला आधार देणारं कॅलिपर शाळा सुटल्यावर परत मागत नाही. मग आवाज का ठेवून घेतो?

टचस्क्रीननं नेमकं काय साधलं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. संगणक आमच्याही शाळेत आधीपासून होता. पण माउस हलवायचा टेबलावर आणि बाण सरकतो समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, आणि या दोहोंचा मेळ डोक्यात घालायचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाला हा मेळच जमत नाही. टचस्क्रीनवर जिथे पाण्याचं चित्र दिसतं तिथेच बोट ठेवायचं असतं. मधली पायरीच गळून जाते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट मानवते असं मी पाहिलं आहे. टॅबचा आवाज रोज सारखाच असतो. तो चिडत नाही, घाई करत नाही, पन्नासाव्यांदाही त्याच सुरात ‘पाणी’ म्हणतो. माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं ज्याला जड जातं, त्याला तेवढा आधार पुरतो.

अडचणीही या काचेच्याच आहेत. बोट टेकलं की पडद्यावरच्या विद्युतभारात बदल होतो, त्यावरून हा पडदा स्पर्श ओळखतो. त्यामुळे लाळेनं ओलं झालेलं बोट त्याला कळत नाही, किंवा एका बोटाची चार बोटं वाटतात. मनगट टेकलं तरी तो स्पर्शच धरतो. ज्या मुलीची मूठ उघडत नाही, तिच्यासाठी दर दाबण्यात तीन चुकीचे शब्द निघतात, आणि मग बघणारे म्हणतात, ‘हिला काय कळतंय, नुसती खेळायली.’ याला उपाय आहेत. सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श किती वेळ धरून ठेवल्यावर नोंदवायचा ते वाढवता येतं. पडद्यावर भोकं पाडलेली प्लास्टिकची चौकट बसवली की बोट चुकीच्या चौकोनावर घसरत नाही. परदेशातून मागवली तर ही चौकट महाग पडते. आम्ही ती अंबाजोगाईत पाट्या बनवणाऱ्या दुकानातून अ‍ॅक्रेलिक शीट कापून करून घेतली. दुकानदारानं मापं घेऊन दोनदा करून दिली, कारण पहिल्यांदा भोकं लहान झाली होती. शेजारी सुती फडका, टॅब तिरका उभा राहावा म्हणून लाकडी पाचर, आणि बसायला तिच्या मापाची खुर्ची. एवढं जुळून आल्यावर ती ‘नको’ म्हणू शकली.

म्हणून दिव्यांगांना साधनं वाटण्याच्या शिबिरांबद्दल मला मनापासून राग आहे. मांडव, हार, रांगेत बसवलेली मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर एक खोका आणि एक फोटो. कुणाची नजर किती, बोट कोणतं चालतं, मान धरते का, घरी वीज असते का, हे कुणी विचारत नाही. जयपूर फूट पायाचं माप घेतल्याशिवाय बसवत नाहीत. श्रवणयंत्र कानाची तपासणी झाल्याशिवाय देत नाहीत. बोलणाऱ्या टॅबलाही माप लागतं. ते घेणारा माणूस पुन्हा पुन्हा यावा लागतो, कारण मूल वाढतं, शब्द वाढतात.

इथेच गाडी अडते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा वाचा. संवाद म्हणजे काय, हे सांगताना त्यात ब्रेल आणि सांकेतिक भाषेबरोबर वर्धक आणि पर्यायी संवादपद्धती, म्हणजे बोलण्याला जोड देणाऱ्या किंवा बोलण्याऐवजी वापरायच्या पद्धती, आणि माहिती तंत्रज्ञानही आलं आहे. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत योग्य सहायक साधनं मोफत द्यावीत, असं कलम १७ मध्ये लिहिलं आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा टॅब कुणाचा उपकार राहत नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. एवढ्या रकमेत साधन, प्रवास, थेरपी सगळंच भागवायचं म्हटलं की काय उरतं ते सांगायला नको. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. पैशाची ही वेगवेगळी तोंडं एका मुलासाठी एकत्र कधी येत नाहीत. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला. साध्या शाळेत बसणारं दिव्यांग मूल शिक्षण विभागाकडे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आरोग्य विभागाकडे. आई प्रत्येक दारात तेच प्रमाणपत्र, त्याच झेरॉक्स घेऊन उभी राहते.

आणि माणसं? सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं होतं: प्राथमिक वर्गात अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गात १५ मागे एक. त्यानंतर २०२४ मध्ये राज्यानं शाळांच्या प्रत्येक समूह केंद्रागणिक एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचं ठरवलं. निर्णय चांगला आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर, स्वतःच्या मोटरसायकलमध्ये स्वतःचं पेट्रोल टाकून या डोंगरातली गावं फिरून काढली, त्यांच्यावरच हे काम आजवर तगून राहिलं, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या सरांच्या वाट्याला इतकी गावं होती की महिन्यातून एकदा येणं झालं तरी नशीब. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’सारखं केंद्र आहे, शहरांत थेरपिस्ट आहेत; पण आमच्या वाडीवरून लेकराला कडेवर घेऊन, दोन एसटी बदलून, रोजगार बुडवून तिथे आठवड्याला जाणं किती जणींना जमेल? टॅब आणि माणूस यांतलं एकच मिळणार असेल तर मी माणूस मागेन. सुदैवानं कायदा आपल्याला असं निवडायला लावत नाही.

‘मॅडम, मोबाईलनं लेकरं बिघडायलीत आन तुम्ही आजून टॅब द्या म्हणताव?’ हे मी पालकसभेत किती वेळा ऐकलं, याला गणती नाही. या काळजीत तथ्य आहे. २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये आणि त्याहून लहानांनी बसूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. मी स्वतः असं मूल पाहिलं आहे की ज्याच्या हातात जेवताना यूट्यूब, झोपताना यूट्यूब, आणि तीन वर्षांचं झालं तरी हाक मारल्यावर वळून बघत नव्हतं. आईबाप दोघंही कामाला; दोष तरी कुणाला द्यायचा? दिव्यांग मुलाच्या घरी तर हा मोह दुप्पट असतो, कारण मूल शांत बसतं आणि थकलेल्या आईला भाकरी थापायला अर्धा तास मिळतो.

पण बघण्याचा टॅब आणि बोलण्याचा टॅब या दोन वेगळ्या वस्तू आहेत, काच एकच असली तरी. पहिल्यात मूल घेतं, दुसऱ्यात देतं. म्हणून बोलण्याच्या टॅबमध्ये यूट्यूब नसावं, गेम नसावेत. एकच ॲप उघडं ठेवून बाकीचं कुलूपबंद करण्याची सोय अँड्रॉइडमध्येही आहे, आयपॅडमध्येही. घरात कार्टून बघायचंच असेल तर ते बापाच्या मोबाईलवर बघावं. आणि मुलानं चूक केली, रडारड केली तर शिक्षा म्हणून हा टॅब काढून घेऊ नये. मी एकदा हे केलं आहे. तिनं दप्तर फेकलं, मी टॅब उचलून टेबलावर ठेवला. बोलक्या मुलाला आपण रागावतो, त्याच्या तोंडाला पट्टी लावत नाही. मी त्या दिवशी ती लावली होती, आणि दप्तर का फेकलं हे सांगायचं तिचं एकमेव साधन मीच उचलून नेलं होतं.

दुसरी शंका आजीची. ‘यंत्रच बोलायलं तर ही तोंडानं कशाला बोलंल?’ मलाही आधी असंच वाटायचं. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते ८ वर्षांची, जेमतेम काही शब्द बोलणारी ६१ स्वमग्न मुलं होती. सगळ्यांनाच खेळातून संवाद शिकवला गेला. काहींना सुरुवातीपासून सोबत बोलणारं साधनही दिलं. साधन मिळालेली मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. यातला ‘सोबत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तिथे नुसतं यंत्र दिलं नव्हतं. समोर बसून खेळणारा माणूस प्रत्येक मुलाला होता. आणि टॅबमुळे मुलाची वाचा आणखी मागे पडते, असं या विषयावरच्या आजवरच्या संशोधनातून दिसत नाही. आमच्या मुलीचं म्हणाल तर ‘नको’ दाबताना ती आता घशातून एक आवाज काढते. तो शब्द नाही, पण ‘न’च्या जवळचा आहे. आजीला तो ओळखू येतो.

आता भाषेचं. मी दिवसेंदिवस याच गोष्टीवर अडकते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे बोलणारं ॲप मराठीत आहे आणि मोफत आहे; चेन्नईत जन्मलेलं ‘आवाज’ नावाचं ॲपही आहे. ही आपल्याकडच्या माणसांनी केलेली मोलाची कामं आहेत. बाहेरच्या अनेक ॲपमध्ये जेवण म्हटलं की ब्रेड, थंडी म्हटलं की बर्फ, आणि घर म्हटलं की उतरत्या लाल कौलांचा बंगला. आमच्या लेकरांनी घर पाहिलं ते पत्र्याचं, नाहीतर पाचटाच्या कोपीचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीचं. ज्वारीची भाकरी, धपाटं, हुरडा, लाल एसटी, टाकीवरची पाण्याची रांग, म्हशीचं रेडकू, तुळजापूरची यात्रा, ही चित्रं त्यात असायला हवीत. ती घरच्याच मोबाईलनं काढून घालता येतात आणि घालावीतच. आपल्या ताटातली आपली भाकरी दिसली की बोट झटकन जातं.

आवाजही तसाच. टॅब बोलतो ते शुद्ध, छापील, शहरी. ‘मला भूक लागली आहे.’ आमच्या वाडीत असं कुणी म्हणत नाही. ‘भूक लागलीय की मला’ म्हणतात, ‘काय करायलीस’ म्हणतात, माझं-तुझंला ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ म्हणतात. वर्गात तिच्या टॅबमधून पुस्तकी वाक्य आलं की पोरं हसायची. मग आम्ही तिच्या चुलतबहिणीच्या आवाजात शब्द भरले. तिच्याच वयाची मुलगी, तिच्याच घरची बोली. ‘ए, सरक की!’ हे वाक्य टॅबमधून आलं तेव्हा बाकावरचा पोरगा खरोखर सरकला. तांड्यावरच्या मुलासाठी बंजारा समाजाच्या गोरमाटीत, मोहल्ल्यातल्या मुलासाठी दखनी उर्दूत असंच भरता येईल. ‘नको’ तर दखनीतही ‘नक्को’ म्हणून घरचाच आहे. शब्दांची निवड करताना मोठी माणसं नेहमी गरजेचे शब्द आधी घालतात: पाणी, शू, जेवण, औषध. तेवढंच दिलं तर मूल फक्त मागणारं होतं. त्याला ‘नको’ हवं, ‘थांब’ हवं, ‘माझं आहे’ हवं, ‘तू खोटं बोलतोस’ हवं, ‘गोष्ट सांग’ हवं. भांडायचे शब्द सगळ्यात आधी द्यावेत, असं माझं मत आहे. आमच्या मुलीनं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य ‘सरक की’ आहे.

टॅबबरोबर कागदाचा तक्ताही हवाच. वीस-पंचवीस चित्रं, लॅमिनेट करून, दोरीनं गळ्यात किंवा खुर्चीला बांधलेली. त्याला चार्जिंग लागत नाही, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत तो तापून बंद पडत नाही, पावसात भिजला तर पुसता येतो. जिथे टॅब मिळायला वर्ष लागणार आहे तिथे उद्या सकाळी तक्ता मिळू शकतो, आणि अंगणवाडीतसुद्धा सुरू करता येतो. टॅबचं मोल तक्त्यापेक्षा जास्त ठरतं ते आवाजामुळे. तक्ता समोरच्यानं बघावा लागतो. टॅब पाठमोऱ्या माणसालाही हाक मारतो. चुलीकडे तोंड करून बसलेल्या आईला ‘ये ना’ म्हणता येणं ही या मुलीच्या आयुष्यातली नवी गोष्ट होती.

माझं मागणं असं आहे. बोलण्यासाठी दिलेला टॅब शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत न चढवता मुलाच्या नावावर द्यावा, चाकाच्या खुर्चीसारखा, पालकाची सही घेऊन. तुटला, हरवला तर वसुली कुणाच्याही पगारातून होणार नाही, असं त्या आदेशातच लिहावं. दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रात थोडी रक्कम आणि एक जास्तीचा टॅब ठेवावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलासोबत टॅब, पॉवर बँक आणि तक्ता तिन्ही जावेत, आणि मूल ज्या जिल्ह्यात जाईल तिथल्या विशेष शिक्षकाला इकडच्या शिक्षकानं फोन करून कळवावं. हंगामी वसतिगृहाचा पर्याय आहे, पण ज्या लेकराला शू-शीसाठी घरचं माणूस लागतं त्याला तो उपयोगी पडत नाही. ते लेकरू आईमागेच जाणार. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. सप्टेंबरमध्ये तपासणीचं शिबिर आणि जानेवारीत टॅब, असं झालं तर बीड, धाराशिव, जालन्याच्या या मुलांना त्याचा काहीच उपयोग नाही.

मागच्या हंगामात आमच्या मुख्याध्यापकांनी साध्या कागदावर स्वतःच्या जबाबदारीवर लिहून टॅब तिच्या आईच्या हातात दिला. कोपीवर वीज नव्हती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईलसोबत तोही चार्ज व्हायचा. मार्चच्या शेवटी ती परत आली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला होता. आत १४ नवी चित्रं होती, आईनं काढलेली, काही हललेली: कोयता, मोळी, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे खाणारा बैल, फडाच्या कडेचा पाट, टोळीतली एक लहान पोरगी. त्या पोरीच्या चित्राखाली तिच्याच आवाजात तिचं नाव भरलेलं होतं, आणि मुलीनं शाळेत आल्या आल्या मला तेच चित्र चार वेळा दाबून ऐकवलं.